रिव्हॉल्व्हर आणि अर्धस्वयंचलित पिस्तूल यांतील निवड (भारत)

रिव्हॉल्व्हर आणि अर्धस्वयंचलित पिस्तूल हे एका हातात धरून चालवता येणाऱ्या बंदुकांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. भारतात परवानाधारक नागरिकांकडे दीर्घकाळ ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर अधिक प्रमाणात आढळत आले आहे. अनेक वर्षे रिव्हॉल्व्हर वापरलेली व्यक्ती जेव्हा पिस्तूल घेण्याचा विचार करते, तेव्हा केवळ वस्तू बदलत नाही; शस्त्र भरण्याची, रिकामे करण्याची, चाप ओढण्याची आणि अडथळा दूर करण्याची सगळी रीत बदलते. या बदलात जुन्या सवयींपैकी काही उपयोगी पडतात, तर काही अपघातास कारण ठरू शकतात. प्रस्तुत लेखात दोन्ही शस्त्रांची रचना, त्यांचा इतिहास, भारतातील कायदेशीर चौकट, निवडीचे निकष आणि खानदेशाशी असलेला या विषयाचा संबंध यांचा आढावा घेतला आहे.

## रचना

### रिव्हॉल्व्हर

रिव्हॉल्व्हरमध्ये नळीच्या मागे फिरणारे चक्र (सिलिंडर) असते. त्यात बहुधा पाच किंवा सहा घरे असतात व प्रत्येक घरात एक काडतूस बसते. चाप ओढला किंवा घोडा अंगठ्याने मागे चढवला की चक्र एका घराने पुढे सरकते आणि नवे काडतूस नळीच्या रेषेत येते. ही सर्व हालचाल नेमबाजाच्या बोटाच्या बळावर होते. उडालेल्या गोळीच्या शक्तीचा तीत काही वाटा नसतो. त्यामुळे एखादे काडतूस उडाले नाही तरी यंत्रणा थांबत नाही.

चक्र उघडण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एका पद्धतीत नळी व चक्र बिजागरीवर पुढे झुकतात आणि रिकामी काडतुसे एकदम वर उचलली जातात; वेब्ली घराण्यातील रिव्हॉल्व्हर या पद्धतीचे आहेत. दुसऱ्या पद्धतीत चक्र एका बाजूला बाहेर येते.

### अर्धस्वयंचलित पिस्तूल

अर्धस्वयंचलित पिस्तुलात काडतुसे मुठीतील मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात. गोळी उडाल्यावर निर्माण होणाऱ्या धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामे काडतूस बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझिनमधील पुढचे काडतूस नळीच्या मागील कक्षात (चेंबर) ढकलते. प्रत्येक गोळीसाठी चाप स्वतंत्रपणे ओढावा लागतो, म्हणून या शस्त्रास 'अर्धस्वयंचलित' म्हणतात. बोलीभाषेत त्याला 'ऑटोमॅटिक' म्हटले जाते. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर नाही. चाप दाबून धरल्यावर सलग गोळ्या सुटतात ते शस्त्र पूर्ण स्वयंचलित होय.

कमी शक्तीच्या काडतुसांच्या पिस्तुलात स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच काम भागते. ९ मिमीसारख्या अधिक शक्तीच्या काडतुसांसाठी नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकून राहतील अशी रचना सामान्यतः करावी लागते.

## इतिहास

सॅम्युअल कोल्ट याला रिव्हॉल्व्हरचे अमेरिकन पेटंट १८३६ मध्ये मिळाले. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने धातूच्या काडतुसांचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये ०.४५५ बोअरचे वेब्ली रिव्हॉल्व्हर स्वीकारले आणि पुढे १९३० च्या दशकात ०.३८ बोअरचे एनफिल्ड क्र. २ हे रिव्हॉल्व्हर वापरात आणले. भारतातील लष्कर व पोलीस यांच्याकडे हीच परंपरा आली. वेब्लीच्या घाटाचे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर पुढे कानपूरच्या सरकारी कारखान्यांत तयार होऊ लागले.

अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा काळ १८९० च्या दशकात सुरू झाला. ह्यूगो बोरखार्ट याचे १८९३ चे पिस्तूल आणि माउझर सी९६ ही त्याची आरंभीची उदाहरणे. जॉन ब्राउनिंग याने आखलेले आणि बेल्जियमच्या एफएन कारखान्यात बनलेले १९०० सालचे पिस्तूल ७.६५ मिमी, म्हणजेच ०.३२ एसीपी, या काडतुसाचे होते. हेच काडतूस आज भारतातील नागरी पिस्तुलांसाठी वापरले जाते. १९३५ मध्ये ब्राउनिंग हाय-पॉवर हे १३ काडतुसांच्या मॅगझिनचे ९ मिमी पिस्तूल आले. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्कराने ग्लॉक १७ स्वीकारले आणि बाहेर घोडा नसलेल्या, पॉलिमर सांगाड्याच्या पिस्तुलांचा प्रसार झाला.

महाराष्ट्राच्या इतिहासात दोन्ही शस्त्रांच्या नोंदी आहेत. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथील विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन याच्यावर ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. हे पिस्तूल लंडनहून गुप्तपणे पाठवलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी होते. त्या वेळी अर्धस्वयंचलित पिस्तूल जगातही नवेच होते. २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी मुंबई प्रांताचा हंगामी गव्हर्नर हॉटसन याच्यावर रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडल्या, तो बचावला.

## कायदेशीर चौकट

भारतात शस्त्राची निवड आवडीपूर्वी कायद्याने ठरते. शस्त्र अधिनियम १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यापूर्वी १८७८ चा भारतीय शस्त्र अधिनियम लागू होता. सध्याची कार्यपद्धती शस्त्र नियम २०१६ मध्ये दिली आहे.

नियमांनुसार शस्त्रांचे 'प्रतिबंधित' आणि 'अप्रतिबंधित' असे मुख्य भेद पडतात. सैन्याच्या वापरातील ९ मिमी काडतूस, तसेच ०.३८० आणि ०.४५५ ही कडेची काडतुसे ज्यात बसू व उडू शकतात अशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित वर्गात मोडतात. त्यामुळे परदेशात नवख्यांना सर्वाधिक सुचवली जाणारी ९ मिमी पिस्तुले भारतातील सामान्य परवानाधारकाला घेता येत नाहीत. प्रत्यक्ष निवड प्रामुख्याने ०.३२ बोअर आणि काही प्रमाणात ०.२२ बोअर यांपुरती राहते. परदेशी पुस्तकांतील सल्ला भारतीय वाचकाला जसाच्या तसा लागू न पडण्याचे हे मुख्य कारण आहे.

परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यास, म्हणजे जळगाव व धुळे येथे त्या त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यास, असतो. पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात तो पोलीस आयुक्तांकडे असतो. अर्जावर पोलिसांचा अहवाल मागवला जातो. २०१६ च्या नियमांनी शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आवश्यक केले.

२०१९ च्या दुरुस्तीने पुढील बदल झाले :

* एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली.
* परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली.
* लग्नकार्य, मिरवणूक अशा प्रसंगी निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांच्या जिवाला धोका निर्माण करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दोन बंदुकांच्या मर्यादेमुळे ज्याच्याकडे रिव्हॉल्व्हर आणि शेतरक्षणाची लांब नळीची बंदूक अशी दोन शस्त्रे आहेत, त्याला पिस्तूल घेण्यासाठी एक शस्त्र सोडावे लागते. जुने शस्त्र विकताना खरेदीदाराकडे तशा शस्त्राचा परवाना असावा लागतो आणि व्यवहाराची सूचना प्राधिकाऱ्यास आधी लेखी द्यावी लागते. नव्या शस्त्राचा प्रकार, बोअर व क्रमांक परवान्यावर नोंदवला जातो. परवाना असणे म्हणजे कोणतेही शस्त्र बाळगण्याची मुभा असणे नव्हे. परवान्यावर नोंद नसलेले शस्त्र बेकायदेशीरच ठरते. काडतुसांची संख्याही परवान्यावर नमूद असते.

## भारतात मिळणारी शस्त्रे आणि काडतुसे

आयुध निर्माणी मंडळाचे १ ऑक्टोबर २०२१ रोजी सात सरकारी कंपन्यांत विभाजन झाले. बंदुका बनवणारे कारखाने कानपूरस्थित ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीकडे, तर दारूगोळ्याचे कारखाने पुणेस्थित म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेले. नागरी वापरासाठीच्या सरकारी शस्त्रांपैकी पुढील प्रमुख होत :

* ०.३२ रिव्हॉल्व्हर – सहा घरांचे, वेब्लीच्या घाटाचे, नळी पुढे झुकणारे.
* निर्भीक – कानपूर येथे बनलेले ०.३२ बोअरचे हलके रिव्हॉल्व्हर. जानेवारी २०१४ मध्ये ते महिलांना डोळ्यांसमोर ठेवून आणले गेले. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम आहे. आरंभी त्याची किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती.
* प्रबळ – २०२३ मध्ये आलेले, चक्र बाजूला उघडणारे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर.
* अशनी – ०.३२ एसीपी काडतुसाचे अर्धस्वयंचलित पिस्तूल.

इशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारे 'पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए' हे ब्राउनिंग हाय-पॉवरवर आधारित पिस्तूल लष्कर व पोलिसांसाठी आहे. ते नागरिकांसाठी नाही.

### '०.३२' या नावाचा घोटाळा

रिव्हॉल्व्हरचे ०.३२ आणि पिस्तुलाचे ०.३२ ही दोन वेगळी काडतुसे आहेत. रिव्हॉल्व्हरच्या ०.३२ एस अँड डब्ल्यू लाँग काडतुसाची नळकांडी सुमारे २३ मिमी लांब व रुंद कडेची असते. पिस्तुलाच्या ०.३२ एसीपी काडतुसाची नळकांडी सुमारे १७ मिमी लांब व अगदी अरुंद कडेची असते. एकाच्या जागी दुसरे वापरणे धोक्याचे आहे. शस्त्र बदलल्यावर घरात उरलेली जुनी काडतुसे नव्या पिस्तुलाला चालत नाहीत आणि परवान्यावरील शस्त्राशी न जुळणारा साठा ठेवणेही अडचणीचे ठरते. म्हणून शस्त्राबरोबर काडतुसांचाही हिशेब मिटवणे आवश्यक असते.

०.३२ एसीपीला पूर्णपणे बिनकडेचे काडतूस म्हणता येत नाही. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली, तर दोन्ही काडतुसे एकमेकांत अडकतात. वरची कड नेहमी खालच्या कडेच्या पुढे राहील असे भरणे हा त्यावरील उपाय आहे. रिव्हॉल्व्हर वापरणाऱ्याला या अडचणीचा अनुभव नसतो, कारण चक्रात प्रत्येक काडतुसाला स्वतंत्र घर असते.

## हाताळणीतील फरक

### रिकामे करण्याचा क्रम

दोन शस्त्रांतील सर्वांत गंभीर फरक येथे आहे. रिव्हॉल्व्हरचे चक्र उघडले की सर्व घरे एका दृष्टिक्षेपात दिसतात. शस्त्र भरलेले आहे की रिकामे, याबद्दल शंका उरत नाही. पिस्तुलाचे मॅगझिन काढून घेतल्यावरही कक्षात एक काडतूस शिल्लक असू शकते आणि अनेक पिस्तुले अशा स्थितीतही ते उडवतात. 'मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले' हा समज साफसफाई करताना होणाऱ्या अपघातांचे नेहमीचे कारण आहे.

योग्य क्रम पुढीलप्रमाणे असतो : नळी सुरक्षित दिशेला व बोट चापाबाहेर ठेवणे, प्रथम मॅगझिन काढणे, नंतर स्लाइड पूर्ण मागे ओढून कक्षातील काडतूस बाहेर काढणे, स्लाइड मागे अडकवून कक्ष डोळ्यांनी आणि बोटाने तपासणे. हा क्रम उलटला, म्हणजे स्लाइड आधी ओढून मॅगझिन नंतर काढले, तर स्लाइड पुढे येताना नवे काडतूस कक्षात भरते आणि रिकामे समजलेले शस्त्र प्रत्यक्षात भरलेले राहते.

### चाप

रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी न चढवता ओढलेला चाप लांब आणि जड असतो. त्यासाठी साधारणतः साडेचार ते सहा किलो जोर लागतो. तोच रिव्हॉल्व्हरचा मुख्य सुरक्षा-उपाय मानला जातो, कारण बहुतेक रिव्हॉल्व्हरना वेगळा सेफ्टी खटका नसतो. बाहेर घोडा नसलेल्या आधुनिक पिस्तुलांचा चाप सुमारे अडीच किलो जोरावर सुटतो व त्याचा प्रवासही कमी असतो. रिव्हॉल्व्हरच्या सवयीने चापावर बोट टेकवून ठेवणारा नेमबाज अशा पिस्तुलात संकटात येऊ शकतो. विशेषतः शस्त्र होल्स्टरमध्ये ठेवताना बोट किंवा कपड्याचा काठ चापात अडकण्याचा धोका असतो.

उलटपक्षी, लांब चाप संथ व समतोल जोराने ओढण्याचा सराव झालेल्या नेमबाजाला पिस्तुलाचा चाप सोपा वाटतो. चाप झटक्याने ओढून नेम बिघडवण्याचा दोष त्याच्यात कमी आढळतो.

काही पिस्तुलांत पहिला चाप जड व त्यानंतरचे हलके असतात. पहिला चाप रिव्हॉल्व्हरसारखा असल्याने संक्रमणात हा प्रकार जवळचा वाटतो. मात्र पहिल्या आणि दुसऱ्या गोळीतील फरकाची सवय करून घ्यावी लागते. गोळीबार थांबवल्यावर चढलेला घोडा खास खटक्याने सुरक्षितपणे उतरवण्याचीही शिस्त लागते.

### पकड

रिव्हॉल्व्हरमध्ये चक्र आणि नळी यांच्यातील फटीतून तप्त वायू बाजूला सुटतो, म्हणून बोटे पुढे येऊ न देण्याची सवय लागते. पिस्तुलात अशी फट नसते. पण स्लाइड वेगाने मागे येते. दुसऱ्या हाताचा अंगठा मुठीच्या मागे आडवा ठेवण्याची रिव्हॉल्व्हरची जुनी पकड पिस्तुलात अंगठ्याला जखम करू शकते. पिस्तुलात दोन्ही अंगठे एकाच बाजूला, स्लाइडच्या खाली पुढे रोखलेले ठेवतात. मनगट ढिले राहिल्यास स्लाइडला पुरेसा आधार मिळत नाही आणि रिकामे काडतूस नीट बाहेर पडत नाही.

### न उडालेले काडतूस

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस उडाले नाही तर पुन्हा चाप ओढल्यावर पुढचे घर समोर येते. पिस्तुलात मॅगझिन तळाशी ठोकून पक्के बसवणे आणि स्लाइड मागे ओढून सदोष काडतूस बाहेर काढणे आवश्यक असते. सरावाच्या मैदानावर मात्र दोन्ही शस्त्रांबाबत घाई टाळतात : काडतूस काही क्षणांनी उशिरा पेटण्याची शक्यता असल्याने नळी लक्ष्याच्या दिशेने ठेवून थोडा वेळ थांबण्याचा नियम आहे. हलक्या आवाजाची गोळी उडाल्यास नळीत गोळी अडकली नाही याची खात्री केल्याशिवाय पुढची गोळी उडवणे धोक्याचे असते.

## तुलना

| बाब | रिव्हॉल्व्हर | अर्धस्वयंचलित पिस्तूल |
|---|---|---|
| काडतुसांची संख्या | बहुधा ५ किंवा ६ | मॅगझिनप्रमाणे, सामान्यतः अधिक |
| भरलेले आहे का हे पाहणे | चक्र उघडताच दिसते | मॅगझिन काढून कक्ष तपासावा लागतो |
| न उडालेले काडतूस | पुन्हा चाप ओढणे | स्लाइड ओढून बाहेर काढणे |
| पुन्हा भरणे | सावकाश | मॅगझिन बदलून त्वरित |
| हाताची ताकद | चाप ओढण्यास | स्लाइड ओढण्यास |
| जाडी | चक्रामुळे फुगीर | सपाट |
| दीर्घकाळ न वापरता ठेवणे | अधिक सहनशील | वंगण व मॅगझिन यांकडे लक्ष हवे |

## निवडीचे निकष

उद्देश. आत्मसंरक्षणासाठी घरात ठेवायचे शस्त्र, रोख रकमेची ने-आण करताना जवळ बाळगायचे शस्त्र आणि क्रीडास्पर्धेचे शस्त्र यांच्या गरजा वेगळ्या आहेत. वर्षातून एखाद्या वेळीच हाती घेतले जाणारे शस्त्र जितके साधे तितके बरे, हा रिव्हॉल्व्हरच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद आहे.

सरावाची शक्यता. पिस्तुलाचे फायदे सराव केला तरच मिळतात. काडतुसांची मर्यादित संख्या, त्यांची किंमत आणि जवळपास अधिकृत मैदान नसणे यांमुळे ग्रामीण भागातील परवानाधारकाचा सराव तोकडा राहतो. रिकाम्या शस्त्रावर, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून केलेला कोरडा सराव ही उणीव काही अंशी भरून काढतो.

हाताची ताकद. वयोमानाने किंवा संधिवाताने बोटे कमजोर झालेल्यांना स्लाइड ओढणे कठीण जाते. लहान ०.३२ पिस्तुलाची स्प्रिंग, आकार लहान असूनही, कडक असू शकते. अशा व्यक्तीला रिव्हॉल्व्हरचा जड चापही त्रासदायक होऊ शकतो; त्यामुळे खरेदीपूर्वी दोन्ही शस्त्रे रिकामी हाताळून पाहणे उपयुक्त ठरते.

मूठ आणि सेफ्टी खटका. मुठीचा आकार तळहाताला जुळावा आणि बोटाचे पहिले पेर चापापर्यंत सहज पोहोचावे. रिव्हॉल्व्हरच्या सवयीत सेफ्टी खटका नसल्याने खटक्याच्या पिस्तुलात तो उघडण्याचे विसरणे आणि पुन्हा लावण्याचे विसरणे, या दोन्ही चुका संभवतात.

एकाच पद्धतीशी निष्ठा. दोन्ही प्रकारची शस्त्रे आलटूनपालटून वापरल्यास आणीबाणीच्या क्षणी हात जुन्या सवयीकडे वळतो. म्हणून बदल केल्यावर काही काळ केवळ नव्या शस्त्राचाच सराव करण्याची शिफारस प्रशिक्षक करतात.

## क्रीडा नेमबाजी

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिमी व्यासाच्या काडतुसांची शस्त्रे चालतात. रिव्हॉल्व्हर आणि अर्धस्वयंचलित पिस्तूल दोन्हींना परवानगी आहे. स्पर्धेत अचूकतेच्या ३० आणि जलद टप्प्याच्या ३० अशा ६० गोळ्या पाच-पाचच्या मालिकांत झाडल्या जातात. जलद टप्प्यात लक्ष्य दर वेळी तीन सेकंद समोर राहते. रिव्हॉल्व्हरची सहा घरे पाचच्या मालिकेला पुरतात. तरीही चक्र फिरवणे किंवा घोडा चढवणे यांत वेळ व स्थैर्य खर्च होत असल्याने अव्वल नेमबाज अर्धस्वयंचलित पिस्तुलाकडे वळले. वॉल्टर, पार्दिनी यांसारख्या कंपन्यांनी स्पर्धेसाठी बनवलेली काही अर्धस्वयंचलित पिस्तुले मूळच्या रिव्हॉल्व्हरच्याच ०.३२ एस अँड डब्ल्यू लाँग काडतुसावर, सपाट तोंडाच्या गोळीसह, चालतात.

या प्रकारात जसपाल राणा यांनी १९९४ च्या हिरोशिमा आणि २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धांत सुवर्णपदके मिळवली. दोहा येथे त्यांनी ५९० गुणांसह तत्कालीन विश्वविक्रमाशी बरोबरी केली. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात ०.२२ बोअरचे पिस्तूल वापरतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवॉन येथील विश्वचषकात आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

## खानदेशातील संदर्भ

खानदेशात संघटित शस्त्रधारी दलाची जुनी नोंद धरणगावची आहे. जेम्स आउट्रॅम याने १८२५ मध्ये उभारलेल्या खानदेश भिल्ल पलटणीचे ठाणे येथे होते. तो काळ तोंडाने भरायच्या एकबारी बंदुकांचा होता. कोल्टच्या पेटंटला अद्याप अकरा वर्षांचा अवकाश होता.

स्वातंत्र्योत्तर काळात जळगाव जिल्हा दारूगोळ्याच्या उत्पादनाशी जोडला गेला. भुसावळ तालुक्यातील वरणगाव येथील आयुध निर्माणी १९६० च्या दशकात सुरू झाली. तेथे लहान शस्त्रांची काडतुसे बनतात. भुसावळ येथेही स्वतंत्र आयुध निर्माणी आहे. नागरी ०.३२ काडतुसांवर आढळणारी 'केएफ' ही खूण मात्र पुण्याजवळील खडकीच्या कारखान्याची आहे.

### गावठी पिस्तुले

जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्याला लागून असलेले मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्याचे उमर्टी हे गाव गावठी पिस्तुलांच्या बेकायदेशीर निर्मितीमुळे वारंवार पोलीस कारवाईच्या बातम्यांत आले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे कारवाईसाठी गेलेल्या चोपडा पोलिसांच्या पथकावर हल्ला होऊन एका पोलीस कर्मचाऱ्याला पळवून नेण्यात आले होते. नंतर त्याची सुटका झाली.

गावठी पिस्तूल दिसायला कारखान्यातील पिस्तुलासारखे असले, तरी त्याची नळी व कक्ष काडतुसाचा दाब सहन करतील याची कसलीही चाचणी झालेली नसते. सरकारी शस्त्रे विक्रीपूर्वी नेहमीपेक्षा अधिक दाबाच्या काडतुसांवर तपासली जातात. अशा तपासणीअभावी गावठी शस्त्र चालवणाऱ्याच्या हातातच फुटू शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बंदुकांच्या बेकायदेशीर निर्मितीस व विक्रीस किमान सात वर्षे कारावास आणि कमाल जन्मठेपेची तरतूद आहे.

## देखभाल आणि साठवण

पिस्तुलाच्या स्लाइडच्या खाचांत पातळ वंगण लागते. रिव्हॉल्व्हरला ते अत्यल्प पुरते. खानदेशातील उन्हाळ्याची कोरडी धूळ जास्त तेलावर चिकटून स्लाइड मंद करते, तर पावसाळ्यातील दमटपणा नळीला गंज आणतो. चामड्याच्या म्यानात शस्त्र दीर्घकाळ ठेवल्यास चामड्यातील ओल धातूला लागते, म्हणून साठवण कोरड्या पेटीत केली जाते. मॅगझिनच्या कडा वाकल्यास काडतूस तिरपे चढते. पिस्तुलातील बऱ्याच अडथळ्यांचे मूळ शस्त्रात नसून मॅगझिनमध्ये असते.

शस्त्र आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलूपबंद जागी ठेवणे व मुलांच्या हाती किल्ली न लागू देणे ही खबरदारी दोन्ही शस्त्रांना लागू आहे. पिस्तुलाच्या बाबतीत तिचे महत्त्व अधिक आहे, कारण रिव्हॉल्व्हरचा जड चाप लहान मुलाच्या बोटाला जसा रोखतो, तसा पिस्तुलाचा हलका चाप रोखत नाही. निवडणुकीच्या काळात किंवा प्राधिकाऱ्याच्या आदेशाने शस्त्र पोलीस ठाण्यात अथवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करताना ते पूर्ण रिकामे असल्याची खात्री करणे आणि पावती जपून ठेवणे आवश्यक असते.

## हेही पाहा

* रिव्हॉल्व्हर
* पिस्तूल
* शस्त्र अधिनियम, १९५९
* वरणगाव
* धरणगाव
* राही सरनोबत